परमुलखाची शिदोरी

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण पुस्तकात वाचण्याआधी मी ती पायांनी शिकलो. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावातून पट्ट्याचा डोंगर निळा दिसतो. लहानपणी शेळ्यांच्या मागे त्या बाजूला गेलो तेव्हा कळले, की तिथेही आमच्या बांधावरचेच खडक, तेच काटे आणि तेच ऊन आहे. मात्र एक गोष्ट खरी, की तिथून आमचे गाव दिसले. घरात बसून ते कधी तसे दिसले नव्हते. म्हणून कोणी ‘बाहेर गेल्याशिवाय काही खरे नाही’ असे म्हटले, की मला तो डोंगर आठवतो. आणि ‘बाहेर जाऊन काय सोने लागते?’ असे कोणी म्हटले, तरीही तोच आठवतो.

आज तो आठवण्याचे कारण माझा एक मित्र. त्याचे नाव देत नाही. तो निफाडकडचा. वडिलांची दीड एकर द्राक्षबाग आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज. हा मुलगा रॅप लिहितो. ज्या गुरुजनांना हा शब्द परका वाटेल त्यांच्यासाठी सांगतो: ठेक्यावर, यमके जुळवीत, गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ राहून भरभर म्हणायचे हे काव्य. त्याचा ठेकाही तो स्वतःच जुन्या लॅपटॉपवर बनवतो. भाड्याच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून गोधडी घेतो आणि आत मोबाइल धरून ध्वनिमुद्रण करतो. गेल्या मे महिन्यात तो त्या गोधडीतून बाहेर आला तेव्हा नदीतून निघाल्यासारखा भिजला होता. पण चेहरा असा, की आमचे पेपर सोपे गेल्यावरसुद्धा तसा कधी होत नाही.

आता त्याच्या मनाने घेतले आहे, की पदवी झाली की लंडनला जायचे. संगीतनिर्मितीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यासाठी बँकेचे कर्ज आणि त्या कर्जाला तारण ती दीड एकर बाग. “इथं राहून कोण ओळखणारे आपल्याला? बाहेर गेलं म्हणजे नाव होतं,” असे तो म्हणाला आणि मग हळूच विचारले, “तुला काय वाटतं रे?” मी चहाचा कप खाली ठेवला आणि गप्प राहिलो. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले, त्याने दुसऱ्याच्या बापाच्या जमिनीविषयी काय बोलावे? पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग परमुलखात जाऊन गाणे उभे करणाऱ्यांनी सोबत काय नेले, तिथे काय टाकले आणि शेवटी त्यांच्या पदरात काय पडले, ते मी शोधत बसलो. जे सापडले ते इथे मांडतो.

ज्या रॅपच्या मागे आज जगभरची मुले लागली आहेत, त्याच्या मुळाशीच एक परदेशातून आलेला मुलगा आहे. त्याचे नाव क्लाइव्ह कॅम्पबेल. जन्म 1955, जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात. 1967 साली, बारा वर्षांचा असताना, तो आईवडिलांकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आला. त्या काळी ब्राँक्सची दशा वाईट होती. वस्तीच्या मधून महामार्ग काढलेला, कारखाने उठून गेलेले, इमारतींना आगी लागत होत्या. अशा ठिकाणी 11 ऑगस्ट 1973 रोजी क्लाइव्हच्या बहिणीने, सिंडीने, आपल्या इमारतीतली सामायिक खोली एका संध्याकाळपुरती घेऊन नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. हेतू काय, तर शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेण्यापुरते पैसे जमावेत. प्रवेश मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. निमंत्रणे हाताने लिहिलेली. तबकड्या वाजवायला भाऊ. 1520, सेजविक ॲव्हेन्यू हा त्या इमारतीचा पत्ता आज हिप-हॉपचे जन्मस्थान म्हणून सांगितला जातो. जन्मस्थान म्हणजे कोणते नाट्यगृह नव्हे की कोणती अकादमी नव्हे. बहिणीच्या शाळेच्या कपड्यांसाठी घेतलेली ती एक खोली.

त्या मुलाने केले काय, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याच्या लक्षात आले, की नाचणारी मुले सबंध गाण्यावर सारखी नाचत नाहीत. गाण्यात मध्येच गायक थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात आणि केवळ ढोल-ताशाचा भाग येतो, तेव्हा ती पेटून उठतात. हा भाग काही सेकंदांचाच. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून घ्यायची. काही सेकंदांचा ठेका असा हवा तेवढा वेळ चालू लागला. त्या ठेक्यावर तो आणि त्याचा सोबती कोक ला रॉक ध्वनिक्षेपकातून मित्रांची नावे घेऊन, टोमणे मारून चार शब्द बोलत. या बोलण्यातूनच पुढे रॅप वाढला. क्लाइव्हला लोक डीजे कूल हर्क म्हणू लागले.

आता शिदोरीकडे वळू. जमैकात मोठमोठे कर्णे रस्त्यावर मांडून गाणी वाजवण्याची आणि गाण्यावर बोलण्याची रीत होती. हर्कने ती लहानपणी पाहिली होती. ब्राँक्समध्ये त्याने सुरुवातीला जमैकाचीच गाणी लावून पाहिली, पण तिथल्या मुलांना ती रुचली नाहीत. म्हणून गाणी त्याने तिथल्या लोकांची घेतली आणि ती वाजवण्याची पद्धत आपल्या बेटाची ठेवली: छातीत घुमणारा खालचा आवाज, ठेक्यावरचे बोलणे आणि रस्त्याला सभागृह करण्याची हिंमत. शब्द त्यांचे, तबकडी त्यांची, पण कान याचा. मला वाटते, परमुलखात टिकलेल्या प्रत्येक कलावंताने ही वाटणी कधी ना कधी केली असावी.

हर्कच्या कथेतली एक बारीक गोष्ट मला फार लागली. शाळेतली मुले त्याच्या बोलण्याच्या ढंगाला हसत, म्हणून त्याने तो घासून घासून पुसला. हे वाचताना मला प्रथम वर्षाचा जून महिना आठवला. तासाला उभे राहून मी उत्तर दिले आणि त्यात ‘व्हतं’ म्हणालो. उत्तर बरोबर होते, पण वर्ग हसला. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी तासाला तोंड उघडले नाही. सिन्नर ते नाशिक एस.टी.ने तासाभराची वाट; पण त्या दिवशी मला कळले, की मीही परमुलखात आलो आहे. पासपोर्ट लागला नाही एवढेच. तेव्हा परदेशी गेलेल्या कलावंताची गोष्ट ही आपल्यातल्या अर्ध्या वर्गाची गोष्ट आहे, असे मी म्हणतो ते उगाच नव्हे.

आणि पदरात काय पडले? 1979 मध्ये रॅपचे पहिले मोठे गाजलेले ध्वनिमुद्रण बाजारात आले ते हर्कचे नव्हते. न्यू जर्सीतल्या एका कंपनीने तीन मुले गोळा करून ते बनवले होते. हर्कच्या नावाची तबकडी त्या काळात निघालीच नाही. 2011 साली तो आजारी पडला तेव्हा उपचाराच्या खर्चासाठी चाहत्यांना मदतीचे आवाहन करावे लागले. त्यानंतर 2023 साली अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या सन्मान-दालनात त्याला मानाचे स्थान मिळाले. सेजविक ॲव्हेन्यूच्या त्या संध्याकाळनंतर पन्नास वर्षांनी! ज्याने बी पेरले त्याच्या खळ्यात धान्य आले नाही, ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला परकी वाटायचे कारण नाही.

पण दुसरीही गोष्ट आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. वायक्लिफ जीन हा रॅपरही आणि निर्माताही. तो 1969 साली हैती या गरीब देशात जन्मला आणि नऊ वर्षांचा असताना अमेरिकेत आला. वडील धर्मोपदेशक, त्याचे संगीत सुरू झाले प्रार्थनामंदिरात. अमेरिकेतली मुले हैतीच्या मुलांना ‘रेफ्युजी’, म्हणजे निर्वासित, म्हणून हिणवत. याने व त्याच्या दोन सोबत्यांनी तीच शिवी थोडी कापून आपल्या चमूचे नाव केले: ‘फ्यूजीज’. त्यांचा 1994 सालचा पहिला संग्रह फारसा चालला नाही. त्यानंतर त्यांनी नातेवाइकाच्या घराच्या तळघरात स्वतःची यंत्रे मांडली आणि घाई न करता तिथेच दुसरा संग्रह तयार केला. 1996 साली आलेला हा ‘द स्कोर’ जगभर गाजला आणि 1997 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॅप संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जीनने स्वतःचा वेगळा संग्रह काढला, त्यात हैतीच्या क्रिओल बोलीतली गाणी घातली. ज्या बोलीला लोक हसत होते ती त्याने पेटीतून बाहेर काढली, पण पाय रोवल्यावर काढली. हर्कची खोली एका संध्याकाळपुरती होती. जीनचे तळघर घरचे होते आणि त्यातली यंत्रे स्वतःची होती. दोघांच्या नशिबातल्या फरकाचे सारे कारण यात आहे असे मी म्हणत नाही, पण मोठे कारण आहे.

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी अमेरिकेत. तर मग जवळ या. 1961 च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. म्हणजे गोव्याहून मुंबईला येणारा वादक कायद्याने परदेशातूनच येत होता. चर्चच्या शाळेत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली ही मुले मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये राहत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली बिऱ्हाडाची जागा: एक खाट, एक पेटी आणि सायंकाळची प्रार्थना. हॉटेलांतून जॅझ वाजवता वाजवता हे लोक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात शिरले. संगीतकार चाल देई. पण त्या चालीला पन्नास वादकांनी काय वाजवायचे, व्हायोलिने कुठे उठायची, तुतारी कुठे बोलायची, हे कागदावर लिहिणारे बहुधा गोवेकर असत. सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यांतली काही नावे. आजच्या भाषेत जो निर्माता, त्याच्या कामाचा मोठा वाटा यांनी उचलला. परंतु चित्रपटाच्या नामावलीत यांची नावे शोधावी लागतात, आणि पुष्कळदा शोधूनही सापडत नाहीत. अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते शिष्याने केलेले स्मरण म्हणून. सारा देश ते नाव गुणगुणला; पण हे नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे हे किती जणांना ठाऊक होते? आमच्या घरी ते गाणे कितीदा लागले असेल, मलाही ते यंदाच समजले.

आणि आणखी जवळ यायचे, तर आमच्याच तालुक्यात. सिन्नरजवळच्या देशवंडीत 15 ऑगस्ट 1922 रोजी वामनदादा कर्डक यांचा जन्म झाला. पोटासाठी ते मुंबईला गेले. देशवंडीच्या पोराला तेव्हाची मुंबई लंडनपेक्षा कमी परकी नसणार. तिथे मिळेल ती मजुरी केली आणि तिथेच, मोठेपणी, अक्षरे शिकले. बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि त्यांनी हजारो गीते लिहिली. 15 मे 2004 रोजी नाशिकला ते निवर्तले. आमच्या गावच्या जयंतीला त्यांची गाणी मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो. वामनदादांनी शाहिरांची एक रीत पाळली: शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे. संतांच्या अभंगांपासून आलेली ही नाममुद्रा. गंमत अशी, की रॅप म्हणणारी मुलेही गाण्यात स्वतःचे नाव घेतात आणि आपले वडीलधारे त्याला गर्व म्हणतात. तो गर्व असेलही. पण ज्याच्या घराण्याचे नाव कोणत्या शिलालेखावर नाही, सातबारावरही असेल-नसेल, त्याने आपल्या शब्दांवर आपली सही ठेवणे हा मला गर्व वाटत नाही. ती खबरदारी आहे. गोव्याच्या त्या वादकांना ती मुभा मिळाली नाही.

‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच की!’ असे म्हणून काही जण आमच्या पाठीवर थाप मारतात. त्यात प्रेम आहे, पण मला ते पटत नाही. पोवाडा पोवाडा आहे आणि रॅप रॅप आहे. नाते असेल तर ते चालीचे नाही. ज्याला सभागृहात जागा नाही तो कुठे उभा राहून बोलतो, हे नात्याचे ठिकाण आहे.

आपल्या मित्राची हीच अडचण आहे. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अर्ज त्याने भरला. अर्जात रकाने चार: शास्त्रीय, सुगम, लोकगीत, पाश्चात्त्य. त्याने ‘लोकगीत’ लिहिले, कारण द्राक्षबागेवरचे, फवारणीवरचे, व्यापारी पैसे बुडवून पळतो त्यावरचे ते काव्य होते. संयोजकांनी ते खोडून ‘पाश्चात्त्य’ केले आणि त्या विभागात गाणे इंग्रजीच हवे असा नियम दाखवला. बिचारा निफाडचा मुलगा अर्जावरच परदेशी झाला! तेव्हापासून तो मराठीत लिहीत नाही. मुंबईच्या ढंगाची हिंदी लिहितो, मधेमधे इंग्रजी पेरतो. गोधडीतून येणारा तो आवाज आता मला ओळखू येत नाही. लंडनचे खूळ मागाहून आले. आधी तो इथेच परका झाला, हे मी जवळून पाहिले आहे.

आणि गंमत पाहा. 2024 साली क्रेटेक्स व श्रेयस या दोघांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ या हॉलंडमधल्या नामांकित कंपनीने काढले. परदेशी ठेका, मराठी शब्द. मराठीचा ‘म’ न जाणणारे लोक त्यावर नाचले. त्याआधी इंग्लंडच्या कोव्हेंट्रीत वाढलेल्या पंजाबी एमसीचे निखळ पंजाबी शब्दांचे गाणे 2003 च्या आरंभी इंग्लंडमध्ये पाचव्या क्रमांकावर गेले होते. म्हणजे परमुलखातले लोक आपली भाषा ऐकायला तयार आहेत. आपल्याच अर्जात तिला रकाना नाही.

तेव्हा माझ्या मित्रा, माझे उत्तर असे. जायचे तर जा. ‘जाऊ नकोस’ म्हणणारा मी कोण? पण ‘बाहेर गेले म्हणजे नाव होते’ हे कारण खोटे आहे. हर्कचे झाले ते पन्नास वर्षांनी, आणि गोवेकरांतल्या बहुतेकांचे झालेच नाही. बाहेर जाऊन डोंगरावरून आपले गाव दिसते, हे कारण खरे आहे. ते पुरेसे वाटत असेल तर जा. मात्र शिदोरीत तीन गोष्टी घे. पहिली, आपला कान. बोलण्याचा ढंग बदलला तरी चालेल, पण फवारणीच्या पंपाचा आणि बागेतल्या पहाटेचा जो ठेका तुझ्या कानात आहे तो पुसू नकोस. दुसरी, खोली. सिंडीची असो, कूड असो की तळघर असो, आपल्या माणसांनी मिळून धरलेली जागा आधी शोध, व्यासपीठ नंतर. तिसरी, सही. करारावरची अक्षरे वाचल्याशिवाय गाणे कोणाच्या हाती देऊ नकोस. वामनदादांनी मजुरी करता करता अक्षरे मिळवली. आपल्याला ती आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन दिली आहेत. बी.ए. कशाला करायचे असे तू विचारतोस ना? निदान यासाठी कर. आणि जमिनीचे म्हणशील, तर ती बाग तारण ठेवण्याआधी वडिलांना एकदा तुझे गाणे ऐकव. त्यांनी ते आजवर ऐकलेले नाही, हे तूच मला सांगितलेस. ज्या गाण्यासाठी बाग जायची, ते गाणे बागेच्या मालकाला ठाऊक असायला हवे.

गुरुजनांना एक विनंती आहे. लहान तोंडी मोठा घास वाटल्यास क्षमा असावी. आपल्या महाविद्यालयात दुपारनंतर पुष्कळ खोल्या रिकाम्या असतात. आठवड्यातून एक तास त्यांतली एक खोली आम्हाला द्यावी. पारितोषिक नको, परीक्षक नको, अर्जावर रकाना नको. ज्याला जे येते ते त्याने आपल्या बोलीत म्हणावे, आणि ‘व्हतं’ म्हटल्यावर कोणी हसू नये. ध्वनिक्षेपक नसला तरी चालेल. गोधडी आम्ही आणू.

मित्राने अजून काही ठरवलेले नाही. परवा त्याने चार ओळी पाठवल्या, मराठीत. मी त्या सायंकाळच्या सिन्नर गाडीत, खिडकीशी बसून ऐकल्या. सगळ्या जमल्या होत्या असे नाही. दुसऱ्या ओळीचे यमक ओढूनताणून आणलेले होते, ते मी त्याला कळवलेही. पण आवाज ओळखीचा होता.

– एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला